धाकटीचे फोटो, ताईचा कुत्रा

ताईच्या कुत्र्याचं नाव बोका होतं. पिल्लू असताना तो चोरून दूध प्यायचा आणि मग डोळे मिटून असा साळसूद बसायचा की ताई वैतागून म्हणायची, "कुत्रा आहेस का बोका?" त्याला त्यातला शेवटचा शब्द आवडला असावा. तेवढ्यालाच तो शेपूट हलवायचा. नाव पडलं ते पडलंच. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं आणि ताई "बोक्या, सरक" म्हणाली, की ते बिचारं टेबलाखाली मांजर शोधायला वाकायचं, आणि खालून एक पिवळं धूड आळस देत बाहेर यायचं.

दुकान फ्रेमचं होतं. वडिलांनी काढलेलं. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. लग्नाच्या भानगडीत ताई पडली नाही. वडील थकले तेव्हा दुकान तिच्या अंगावर आलं आणि ते तिच्या अंगाला बरोबर बसलं. तिच्या हातच्या फ्रेमचा कोपरा असा जुळायचा की नख घालायला फट मिळत नसे. तिनं केलेलं काही ना काही गल्लीतल्या घराघरातून टांगलेलं होतं. पण म्हणून तिला कुणी आत या, बसा म्हणायचं असं नव्हतं. तिचं बोलणं कामापुरतं. समोरचे सलूनवाले म्हणायचे, "बाई चारी बाजूंनी सरळ आहे. फक्त मध्ये चित्र कुठलं लावलंय ते दिसत नाही."

बोक्याला ती सकाळ-संध्याकाळ फिरायला न्यायची. दुकानातून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि परत यायचं. मान खाली, पावलं भराभर. बोक्याला दर दोन दारांपाशी थांबायचं असे, आणि ताई दर दोन दारांपाशी पट्टा ओढत असे. कुणी समोर आलंच तर मान हलवायची. ही तिची गल्ली होती आणि हा तिचा कुत्रा होता. त्यात काही बिघडलंय असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग ती वरच्या फळीवरची फ्रेमची पट्टी काढताना स्टुलावरून पडली आणि घोटा मोडला. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी घालून स्क्रू मारले. शुद्धीवर आल्यावर ताईनं पहिलं काय विचारलं असेल, तर "सांधा नीट जुळलाय ना?"

आणि धाकटी बहीण आली.

धाकटी म्हणजे ताईपेक्षा सहा वर्षांनी लहान. दूरच्या शहरात एका हॉटेलच्या स्वागतकक्षात हसत उभं राहायची तिची नोकरी संपली होती. नवरा होता, आता नव्हता. मेला नव्हता, नुसता नव्हता. एक बॅग घेऊन ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तू पाय टेकवेपर्यंत राहते."

दोघींचं वाकडं नव्हतं. पण ताईच्या मनात एक जुनी सल होती, आणि ती कुणाला माहीत नव्हती. वडिलांकडे एक कॅमेरा होता. कातडी पिशवीतला, जड. सुट्टीच्या दिवशी तो पुसायचं काम ताईचं. मऊ फडक्यानं ती त्याचा एकेक खाचखळगा पुसायची आणि मनात धरून चालली होती की एक दिवस तो आपल्याला मिळणार. धाकटी नोकरीसाठी घर सोडून निघाली तेव्हा वडिलांनी तो तिच्या खांद्याला अडकवला. ताई टेबलाशी काच कापत होती. वडील तिच्याकडे वळून म्हणाले, "तिला नजर आहे. तुला हात आहे." बोलले आणि विसरले. ताईनं मान हलवली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. चाळीस वर्षं ती ते वाक्य दातात अडकलेल्या कणासारखं जिभेनं चाचपत बसली होती.

बोक्याला फिरवायचं काम धाकटीकडे आलं. पहिल्याच दिवशी ती गेली ती परत येईचना. ताई खुर्चीवर पाय उंच करून बसलेली, डोळे दाराकडे. शेवटी दोघं आले, दोघांच्याही जिभा बाहेर, आणि थोड्या वेळानं ताईच्या फोनवर गल्लीच्या ग्रुपचा आवाज वाजला.

फोटो होता. सलूनच्या पायरीवर बोका बसलाय, पाठ ताठ, नंबर लावून बसलेल्या गिऱ्हाइकासारखा. आत आरशात सलूनवाले दिसतायत, हातात फेसाचा ब्रश, आणि पोट धरून हसतायत. खाली धाकटीनं लिहिलं होतं, "माझ्या आधी किती जण आहेत?"

गल्ली खूश झाली. अंगठे आले, बदाम आले, जे लोक ग्रुपवर फक्त पाणी कधी येणार एवढंच विचारायचे त्यांनीही हसरे चेहरे टाकले.

तेव्हापासून रोज. औषधाच्या दुकानातल्या काकू वजनकाट्यावर बसून चहा पितायत आणि बोका काट्याकडे बघतोय. दोन माणसं डोक्यावरून गादी नेतायत आणि तिच्या सावलीतून बोका ऐटीत चाललाय, जणू छत्र त्याच्यासाठीच धरलंय. लाँड्रीवाल्याच्या घडी केलेल्या चादरींपुढे बोका, चेहऱ्यावर असा मोह की बघणाऱ्याला घाम फुटावा. धाकटी जिथे थांबायची तिथे बोलायची, जिथे बोलायची तिथे बसायची. काकू पूर्वी नाटकात काम करायच्या, हे ताईला आता कळलं, तेही धाकटीकडून, जेवता जेवता.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. तुला माहीत नव्हतं?"

"मला कशाला माहीत असायला हवं?" ताई म्हणाली आणि पाण्याचा पेला जरा जोरात ठेवला.

पाय कसा आहे ते विचारायला लोक यायचे. त्याआधी असे कधी येत नसत. पण विचारताना त्यांचा एक डोळा जिन्याकडे असायचा. "बरं आहे ना? छान छान. धाकट्या बाई वर आहेत का?" ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही. कुत्रा माझा, गल्ली माझी, घोटा माझा मोडला, आणि कौतुक हिचं! आणि बोका? ज्याला बाटलीनं दूध पाजून मोठं केलं, तो आता रात्री धाकटीच्या पलंगाशी झोपायचा. सकाळी ताईकडे यायचा, हात चाटायचा आणि लगेच पट्टा अडकवलेल्या खिळ्याकडे बघत धाकटीची वाट बघायचा.

ताईनं दोष काढायला सुरुवात केली. "वाकडा आलाय."

"काय?"

"फोटो. सलूनचा उंबरठा डावीकडे उतरलाय."

धाकटीनं फोन दूर धरून बघितला. "अगं, उंबरठाच वाकडा आहे तो. जाऊन बघ."

ताई जाऊन बघू शकत नव्हती. नंतर ती बघू शकली तेव्हा तिनं पट्टी लावून मोजलं. उंबरठा खरंच वाकडा होता. याचा तिला आणखी राग आला.

मग सलूनवाले दुकानात आले. तो पायरीवरचा फोटो मोठा छापून आणला होता. "फ्रेम करून द्या ताई. आरशाशेजारी लावतो." त्यांच्या मागून काकू आल्या, मग लाँड्रीवाला. म्हणता म्हणता कामांचा ढीग लागला. ताई खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून काचा कापू लागली आणि दिवसभर धाकटीचे फोटो तिच्या हाताखालून जाऊ लागले. डोळे मिटून घेण्याचीही सोय नव्हती, काच कापायची होती.

फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड कागदाची एक चौकट बसते, तिला माउंट म्हणतात. तिचं भोक किती मोठं ठेवायचं हे फ्रेम करणाऱ्याच्या हातात. धाकटी छापील फोटोच्या खालच्या कोपऱ्यात बारीक सही करायची. ताईनं माउंटचं भोक बेतानं लहान ठेवलं. सही आत गेली. काम इतकं सफाईदार की कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. सलूनवाल्यांनी फ्रेम हातात घेऊन "वा!" म्हटलं आणि ताईला बऱ्याच दिवसांनी गोड झोप लागली.

पुढचा फोटो धाकटीनं सही करून तिच्यासमोर ठेवला, तेव्हा सही कोपऱ्यात नव्हती. बरोबर मधोमध होती, बोक्याच्या पोटावर.

धाकटी स्वयंपाकघरात भांडी लावताना गुणगुणत होती.

ते ताईला फार लागलं. दुपारी धाकटी झोपल्यावर तिनं काठी घेतली, पट्टा घेतला, फोन खिशात टाकला आणि बोक्याला घेऊन हळूच बाहेर पडली. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी अजून बाहेर चालायची परवानगी दिली नव्हती. पण ताईचं ठरलं होतं. कॅमेऱ्याला काय लागतं? बटण दाबायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे फोटो बघितले, चांगला कुठला आणि वाईट कुठला हे आपल्याला नाही कळणार तर कुणाला?

आधी बोक्यानंच दगा दिला. फोन वर केला की तो वळायचा. शेपूट आलं, मग एक कान आला, मग नुसता रस्ता आला. लाँड्रीवाला इस्त्री करत होता, इस्त्रीतून छान वाफ निघत होती. ताईनं फोन रोखला तसा त्यानं इस्त्री उभी केली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हात मांड्यांना चिकटवून पासपोर्टला उभा राहतात तसा उभा राहिला. "काम करा ना," ताई म्हणाली. "करतो की," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला. काकूंनी तर फोन बघून विचारलं, "काही तक्रार आहे का?"

घरी येऊन तिनं त्यातल्या त्यात बरा एक फोटो निवडला. बोका, खांब आणि लाँड्रीवाल्याचा अर्धा हात. हातातून फोन ठेवून देण्याआधी, विचार बदलण्याआधी तिनं तो ग्रुपवर टाकला आणि बघत बसली.

एक अंगठा आला, लाँड्रीवाल्याचा. मग व्यायामवाल्या बाईंचं आलं, "तुम्हाला बाहेर जायला कुणी सांगितलं???" आणि मग कुणीतरी काळजीनं लिहिलं, "आज धाकट्या बाईंना बरं नाही का?"

ताईच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. धाकटी उठून खाली आली, तिनं फोन बघितला होता. ती हसली असती तरी परवडलं असतं. पण ती मऊ आवाजात म्हणाली, "चांगला आलाय गं. खांब जरा—"

"मला शिकवू नकोस."

"मी कुठे शिकवते?"

"पाय बरा झालाय माझा. आज चालून आले मी. तू आता गेलीस तरी चालेल."

धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. बोका दोघींच्या मध्ये उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागला.

"मी काय केलं ते तरी सांग."

"तू काही करतच नाहीस. तेच तर. तुला सगळं आयतं मिळतं. आयत्या बिळावर नागोबा! मी इथे बसून हात झिजवायचे, आणि तू यायचं, चार दिवस हिंडायचं, की सगळे तुझे. कुत्रासुद्धा. कॅमेरासुद्धा तुलाच मिळाला."

"कॅमेरा? कुठला कॅमेरा?"

"बाबांचा."

धाकटीला आठवायलाच वेळ लागला. ताईला ते सर्वांत जास्त झोंबलं.

"तो?" धाकटी म्हणाली. "ताई, तो बंद होता. आतला पडदा उघडायचाच नाही. मी नोकरीला लागल्या लागल्या चार रोल काढले, हौसेनं धुवायला दिले. सगळे काळे. त्या माणसानं मला विचारलं, झाकण काढलं होतं ना? दुरुस्तीवाला म्हणाला, हा कित्येक वर्षं बंद आहे. बाबांना वाईट वाटेल म्हणून मी कधी बोलले नाही. कपाटावर पडून होता, मग कुठल्या तरी घरबदलात राहिला."

बंद कॅमेरा. आपण चाळीस वर्षं बंद कॅमेऱ्यासाठी जळलो. एखाद्याला यावर हसू आलं असतं, मन हलकं झालं असतं. ताईचं झालं नाही. उलट तिला वाटलं, एवढं जळणं फुकट गेलं त्याचं काय? ते कुणाकडे मागायचं?

"तरीपण," ती म्हणाली. "तू जा."

सकाळी धाकटी बॅग घेऊन निघाली. जाताना तिनं बोक्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ताईला म्हणाली, "घोट्याला गरम पाण्याचा शेक देत जा." ताई कोपरा ठोकत होती. तिनं मान हलवली, आणि तोंडात खिळे धरले होते, त्यामुळे बोलायचा प्रश्न आला नाही.

जे हवं होतं ते सगळं परत मिळालं. कुत्रा, गल्ली, जिना, शांतता. पण बोका बिघडला होता. आता तो टाकीला वळसा घालून परत यायला तयार नव्हता. सलूनपाशी आला की पायरीवर चढून बसायचा. पट्टा ओढला तरी ढिम्म. काठीवर भार टाकून ताईला थांबावंच लागायचं, आणि थांबलं की सलूनवाल्यांशी काहीतरी बोलावंच लागायचं.

"धाकट्या बाई परत कधी येणार?" ते विचारायचे.

"त्यांना त्यांचं घर आहे."

"हो, पण इथेही आहेच की."

काकू वजनकाट्यावर सरकून तिला बसायला जागा करू लागल्या, घोट्यामुळे. चहाही देऊ लागल्या. चहा पिता पिता धाकटीच्याच गोष्टी. धाकट्या बाई असं म्हणाल्या, धाकट्या बाईंना ते आवडायचं. माणूस समोर असतं तेव्हा त्याचे दोष तरी दिसतात. गेलेल्या माणसाशी बरोबरी कोण करणार? ताई चहा संपवायची, आभार मानायची आणि घरी येऊन एखाद्या पट्टीवर गरजेपेक्षा जास्त रंधा मारायची.

आणि मग एका सकाळी ग्रुपवर फोटो आला. धाकटीचाच, तिकडच्या शहरातून. एक तपकिरी कुत्रा, एक कान दुमडलेला, टायरांच्या ढिगावर बसलेला, राजासारखा. खाली लिहिलं होतं, "नवीन ओळख."

गल्लीनं बदामांचा पाऊस पाडला.

ताईला आधी बोक्याच्या वतीनं राग आला. इतक्या लवकर? तिनं फोन बोक्यापुढे धरला. "बघ. बघ तुझी मावशी." बोक्यानं काच हुंगली आणि जांभई दिली. त्याला काही वाटलं नाही, हे बघून ताईला दोघांच्या वाट्याचं वाटू लागलं.

रोज तो तपकिरी. तपकिरी पावसात, तपकिरी एका म्हाताऱ्याच्या छत्रीखाली, तपकिरी बंद शटरपुढे. ताई रोज बघायची आणि रोज ठरवायची की उद्या बघायचं नाही. एका फोटोत धाकटीचा हात आला होता. फक्त पंजा, आणि कुत्रा तो चाटत होता, डोळे मिटून. धाकटीच्या अंगठ्याला लहानपणी काच लागली होती त्याचा वण स्पष्ट दिसत होता. ती काच ताईच्याच टेबलावरची होती, आणि रक्त थांबेपर्यंत तो अंगठा ताईनं स्वतःच्या मुठीत दाबून धरला होता.

ताईनं फोन पालथा ठेवला. कटर उचलला, पुन्हा खाली ठेवला. तिला कळून चुकलं की ती आता रस्त्यावरच्या एका अनोळखी, कानदुमड्या कुत्र्यावर जळत होती. आणि कशासाठी, तर तो तिच्या बहिणीजवळ होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दाराला कुलूप लागलं. सलूनवाल्यांना वाटलं, कुणी गेलं की काय. ताई बोक्याचा पट्टा त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "दोन दिवस सांभाळा. दूध झाकून ठेवा." आणि बस पकडून बहिणीच्या शहराला निघाली. न कळवता.

धाकटीच्या इमारतीत लिफ्ट होती, पण तिच्यावर 'बंद आहे' अशी पाटी होती आणि पाटीवर धूळ होती. खोली चौथ्या मजल्यावर. ताई दर मजल्याला कठड्याला धरून उभी राहिली, लिफ्टवाल्यापासून वडिलांपर्यंत सगळ्यांना मनात बोलली आणि शेवटी दारावर काठीनं ठोकलं.

दार उघडून धाकटी बघतच राहिली. "बोक्याला काही झालं?"

"नाही. पाणी दे."

खोली एकच होती. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत एक कप. ताईची नजर सवयीनं भिंतींवर गेली. आधीच्या भाडेकरूंच्या खिळ्यांची भोकं होती, पण टांगलेलं काही नव्हतं. इतके फोटो काढणाऱ्या बाईच्या घरात एकही फोटो नव्हता.

"भिंती रिकाम्या का?"

"फ्रेमवाली लांब राहते," धाकटी म्हणाली. "आणि जायला सांगते."

ताई पाणी प्यायली. "तो कुत्रा कुठंय?"

"कुठला कुत्रा?"

"सोंग करू नकोस. तो तपकिरी."

दोघी खाली उतरल्या. ताईला पुन्हा चार मजले. रस्ता रुंद होता, माणसं भराभर जात होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. टायरच्या दुकानापाशी तो कुत्रा होता. फोटोत राजासारखा दिसणारा, प्रत्यक्षात साधा, जरा खरजेलाच. धाकटीला बघून उठला, आला, तिच्या पायाला अंग घासून पुन्हा जाऊन बसला. दुकानातल्या माणसानं टायर बडवता बडवता ताईला विचारलं, "काय हवंय?"

"काही नाही. ही माझी बहीण."

"कोण?" त्यानं वळून धाकटीकडे बघितलं. "अच्छा, त्या. येतात कधी कधी." आणि तो पुन्हा टायर बडवू लागला.

ताई तिथल्या एका उलट्या बादलीवर बसली. आपल्या गल्लीत हिच्या नावानं चहा थंड होतात आणि इथे हिचं नावही कुणाला ठाऊक नाही. म्हणजे ही इथे फोटो काढते आणि दाखवायला ते तिकडे पाठवते.

"ह्याच्यात आहे काय एवढं?" ताईनं कुत्र्याकडे बोट दाखवलं.

"काही नाही. जवळ येतो." धाकटी ताईकडे वळली. "तू बघत होतीस फोटो?"

"रोज."

"बदाम एकदाही दिला नाहीस."

"मी का देऊ?"

धाकटी हसली. ताई हसली नाही. तिला जे सांगायचं होतं ते हसण्यात वाहून गेलं असतं.

"छोटे, मला पोटात दुखतं."

"बसमध्ये काही खाल्लंस का?"

"तसं नाही. तुझे फोटो बघून दुखतं. तिथे होतीस तेव्हा दुखत होतं, इकडे आलीस तरी दुखतंय. हा कुत्रा बघून जास्त दुखतंय."

धाकटी तिच्या शेजारी एका टायरवर टेकली. मग म्हणाली, "मग मी परत येऊन काय होणार? उलट वाढेल."

"वाढू दे," ताई म्हणाली. "दुखायचंच आहे तर घरी दुखू दे. तू समोर असलीस तर भांडता तरी येतं. गल्लीशी कुठे भांडत बसू मी?"

"हे बोलावणं आहे की दम?"

"जे वाटेल ते समज. फक्त सही कोपऱ्यात कर. पोटावर बरी दिसत नाही."

"कोपऱ्यातली तू झाकतेस."

"झाकते," ताई म्हणाली. "अजूनही झाकेन कदाचित. सांगता येत नाही."

धाकटीला हे उत्तर पटलं असावं, कारण महिना संपायच्या आत ती आली. ह्या वेळी दोन बॅगा होत्या.

सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. धाकटीला सकाळी वरच्या खोलीत खिडकी उघडी लागते, ताईला बंद. धाकटी गिऱ्हाइकांशी इतकं बोलते की गिऱ्हाईक फ्रेम न्यायची विसरून जातं. काकूंच्या वजनकाट्यावर कुणी बसायचं यावरून एकदा दोघी दिवसभर बोलल्या नाहीत. कुणी नवीन माणूस भिंतीवरच्या फोटोचं कौतुक करू लागलं की ताई अजून खोकते आणि फ्रेमचं लाकूड कुठलं आहे ते सांगायला लागते. पण तिनं दोन फोटो न विचारता करून धाकटीच्या खोलीत टांगले, आणि त्यातल्या एकात तो तपकिरी कुत्रा आहे. धाकटीनं ते बघितलं तेव्हा ताई म्हणाली, "पट्टी उरली होती."

संध्याकाळी आता दोघी मिळून जातात. ताई काठी टेकत, धाकटी फोन खिशातून काढत आणि घालत, मध्ये बोका. लाँड्रीपाशी धाकटी वाकली, बोक्याच्या कानामागे खाजवलं आणि फोटो काढायला दोन पावलं मागे सरकली. बोकाही तिच्यामागे सरकला. ताईनं पट्टा आपल्याकडे ओढला.

"ओढू नकोस ना, हलतो तो," धाकटी म्हणाली.

"माझा कुत्रा आहे," ताई म्हणाली, आणि आणखी थोडा ओढला.